शेवटचं पत्र कुणाचं? ‘फॉरेन अफेअर्स’, किसिंजर आणि न छापलेलं एक उत्तर

घरी पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. “पीएचडी नेमकी कशावर चाललीये?” मी सांगते, परराष्ट्र धोरणावरच्या नियतकालिकांवर. “म्हणजे दिवसभर लेख वाचतेस?” खरं सांगायचं तर लेख मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी उघडते ते संपादक, विश्वस्त आणि सल्लागारांच्या नावांचं पान. मग थेट वाचकांच्या पत्रांची पानं. अंक कुणाच्या घरातला आहे ते पहिल्या पानावरून कळतं, आणि त्या घरात कुणाला किती बोलू देतात ते शेवटच्या पानांवरून.

आज एका जुन्या भांडणाबद्दल लिहिते आहे. भांडण पत्रांच्या पानांवरचंच. वरवर पाहिलं तर किरकोळ: एका परीक्षकाचं एक उत्तर छापलं गेलं नाही. पण माझ्या प्रबंधातला सगळ्यात अवघड प्रश्न याच प्रकरणात दडलेला आहे. ज्या तज्ज्ञांच्या सल्ल्यावर, लेखांवर आणि पाठबळावर एखादी ना-नफा संस्था नियतकालिक चालवते, त्याच तज्ज्ञांच्या जुन्या कारभाराची झडती ते नियतकालिक घेऊ शकतं का?

आधी घराची ओळख

‘कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स’ ही न्यूयॉर्कमधली संस्था १९२१ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं ‘फॉरेन अफेअर्स’ सुरू केलं. संस्था ना-नफा आहे. धोरणाच्या कुठल्याही प्रश्नावर संस्था म्हणून आम्ही बाजू घेत नाही, असा तिचा जाहीर नियम आहे. सदस्य मात्र आजीमाजी मंत्री, राजदूत, बँकर, वकील, प्राध्यापक असे. म्हणजे लिहिणारे, वाचणारे, सल्ला देणारे आणि पैसे देणारे बऱ्याच अंशी एकाच वर्तुळातले.

यात काही गैर आहे असं लगेच ठरवू नका. या नियतकालिकाची ताकद नेमकी याच वर्तुळातून आलेली आहे. जुलै १९४७ च्या अंकात ‘एक्स’ या सहीनं सोव्हिएत संघावर एक लेख आला. लेखक होते जॉर्ज केनन, आणि तेव्हा ते परराष्ट्र खात्यातच धोरण आखणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. आतल्या माणसानं लिहिलं म्हणून तर जगानं ते वाचलं. बाहेरच्या एखाद्या हुशार प्राध्यापकानं तेच लिहिलं असतं, तर शीतयुद्धाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ते आलं असतं का? मला शंका आहे.

पण आतल्या माणसाचा हा फायदा दुसरीकडे महागात पडतो. १९७१ साली या नियतकालिकाच्या संपादकपदासाठी विल्यम बंडी यांचं नाव जाहीर झालं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते परराष्ट्र खात्यात पूर्व आशियाचा कारभार पाहत होते. त्याच वर्षी ‘पेंटागॉन पेपर्स’ बाहेर आले होते. रिचर्ड फॉक यांच्यासारख्या काही सदस्यांनी उघड विरोध केला. ज्या युद्धाचा हिशेब अजून मागायचा आहे, त्या युद्धाच्या कारभाऱ्याकडेच हिशेबाची वही कशी द्यायची, असा साधारण त्यांचा मुद्दा होता. विरोधाचा उपयोग झाला नाही. बंडी १९७२ ते १९८४ संपादक राहिले.

हे लक्षात ठेवा आणि आता २००३ मध्ये या.

चिलीचे कागद

११ सप्टेंबर १९७३ ला चिलीमध्ये लष्करानं साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि जनरल पिनोशे सत्तेवर आले. यात अमेरिकेचा हात किती, हा वाद अनेक वर्षं चालला. क्लिंटन यांच्या काळात, १९९९ आणि २००० मध्ये, चिलीसंबंधी सुमारे २४,००० सरकारी कागदपत्रं खुली झाली. ती बाहेर यावीत म्हणून झटणाऱ्यांपैकी एक, नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हचे पीटर कॉर्नब्लू, यांनी त्या कागदांवर ‘द पिनोशे फाइल’ हे पुस्तक २००३ मध्ये काढलं.

‘फॉरेन अफेअर्स’च्या नोव्हेंबर-डिसेंबर २००३ च्या अंकात त्याचं परीक्षण आलं. परीक्षक केनेथ मॅक्सवेल हे पोर्तुगाल आणि ब्राझीलचे नामवंत इतिहासकार. शिवाय ते कौन्सिलमध्येच लॅटिन अमेरिका विभागाचे प्रमुख होते आणि नियतकालिकात त्या भागावरच्या पुस्तकांची परीक्षणं नेमानं लिहीत. म्हणजे घरचेच तज्ज्ञ. परीक्षणाचा सूर आरडाओरड करणारा नाही. एक लोकशाही पाडायला केवढी शक्ती खर्च केली आणि ती पुन्हा उभी करायला किती थोडी, असा त्यांचा एकूण निष्कर्ष आहे. पण एका जागी त्यांनी बोट ठेवलं, आणि तिथेच ठिणगी पडली.

ती जागा समजून घ्यायला तारखा लागतील. कंटाळू नका, सगळा मुद्दा तारखांतच आहे.

१९७५ च्या अखेरीस चिली, अर्जेंटिना, उरुग्वे वगैरे देशांच्या हुकूमशाही राजवटींनी ‘ऑपरेशन काँडोर’ उभं केलं. विरोधकांना देशाबाहेरही गाठायचं, गरज पडली तर मारायचं. अमेरिकेला याचा सुगावा लागला. २३ ऑगस्ट १९७६ ला परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावानं त्या देशांतल्या अमेरिकी राजदूतांना तार गेली: तिथल्या सरकारांना भेटा आणि असल्या हत्यांच्या अफवांबद्दल आम्हाला काळजी वाटते, असं सांगा. चिलीतले राजदूत डेव्हिड पॉपर यांना वाटलं की थेट असं बोललं तर पिनोशे यांना तो अपमान वाटेल. निरोप पोचलाच नाही. २० सप्टेंबरला परराष्ट्र खात्यातले लॅटिन अमेरिकेचे प्रमुख हॅरी श्लॉडमन यांची तार गेली: आता पुढं काही करू नका.

दुसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये शेरिडन सर्कलपाशी एका मोटारीत बॉम्बस्फोट झाला. आयेंदे यांच्या काळात अमेरिकेत राजदूत असलेले आणि नंतर मंत्री झालेले ओर्लांदो लेतेलिए ठार झाले. त्यांच्यासोबत त्यांची २५ वर्षांची अमेरिकी सहकारी रॉनी मॉफिट हीसुद्धा. पुढे तपासात सूत्रं चिलीच्या गुप्त पोलिसांपर्यंत पोचली.

मॅक्सवेल यांनी लिहिलं ते एवढंच, की ही हत्या कदाचित टाळता आली असती.

पत्रापत्री

जानेवारी-फेब्रुवारी २००४ च्या अंकात विल्यम रॉजर्स यांचं खरमरीत उत्तर आलं. रॉजर्स हे १९७४ ते १९७६ या काळात परराष्ट्र खात्यात लॅटिन अमेरिकेचा कारभार पाहणारे, आणि पुढे किसिंजर यांच्या सल्लागार कंपनीचे उपाध्यक्ष. त्याच अंकात मॅक्सवेल यांचं प्रत्युत्तरही छापलं गेलं. इथवर सगळं रीतसर. मार्च-एप्रिलच्या अंकात रॉजर्स यांचं दुसरं पत्र आलं. २० सप्टेंबरच्या त्या ‘थांबा’ म्हणणाऱ्या तारेशी किसिंजर यांचा काही संबंध नव्हता, हा त्यातला एक मुद्दा. मॅक्सवेल यांनी यालाही उत्तर लिहिलं. ते मात्र छापलं गेलं नाही.

मे २००४ मध्ये मॅक्सवेल यांनी राजीनामा दिला. किसिंजर यांची नाराजी कौन्सिलच्या वरच्या मंडळींमार्फत संपादकांपर्यंत पोचली आणि आपलं उत्तर अडवलं गेलं, असा त्यांचा आरोप होता. संपादक जेम्स होग यांनी तो नाकारला. निर्णय माझा, दबाव कुणाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅक्सवेल हार्वर्डमध्ये गेले आणि तिथून त्यांनी ‘हरवलेल्या पत्रा’चं प्रकरण एका दीर्घ निबंधात मांडलं.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पूर्णपणे मॅक्सवेल यांच्या बाजूनं वाचला. माझ्या गाईडनी मला एकच प्रश्न विचारला: “फोन झाला हे तू सिद्ध करू शकतेस का?” नाही करू शकत. “मग तुझ्या प्रकरणात काय उरतं?” त्या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकले होते.

आता मला वाटतं की फोनचा प्रश्न हाच चुकीचा आहे. मॅक्सवेल यांनी आपली सगळी बाजू त्यावर उभी केली, आणि माझ्या मते त्यांच्या निबंधाची कमजोरी तिथेच आहे. कुणी कुणाला कधी काय सांगितलं, यावर वाद नेला की समोरच्याला फक्त “नाही” म्हणायचं असतं. पण त्या घराची रचना तर उघड्यावर आहे. किसिंजर यांना पहिलं मोठं नाव मिळालं ते १९५७ च्या अण्वस्त्रांवरच्या पुस्तकानं, आणि ते पुस्तक याच कौन्सिलच्या अभ्यासगटातून आलं होतं. पुढे ते तिच्या संचालक मंडळावर होते. २००४ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष पीटर पीटरसन हे निक्सन यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री होते, म्हणजे किसिंजर यांच्याच काळातले सहकारी. अशा घरात फोन करावाच लागतो का? गावातल्या देवळाच्या हिशेबावर सरपंचाच्या भावकीतला माणूस प्रश्न विचारत नाही. त्याला कुणी धमकी दिलेली नसते. उद्या त्याच पंगतीला बसायचं असतं, एवढं पुरतं.

म्हणून मी प्रश्न बदलला. फोन झाला का, याऐवजी शेवटचा शब्द कुणाला मिळाला, हे पाहायचं. हे सिद्ध करायला गुप्त कागद लागत नाहीत, अंक पुरतात. जगभरच्या नियतकालिकांत साधारण संकेत असा, की परीक्षणावर आक्षेप आला तर उत्तराची संधी परीक्षकाला मिळते. इथे पहिल्या फेरीत तो पाळला गेला आणि दुसऱ्या फेरीत मोडला. मोडला तो नेमका ज्या मुद्द्यावर? २० सप्टेंबरच्या तारेमागे कोण होतं, यावर.

सहा वर्षांनी

एप्रिल २०१० मध्ये नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हनं आणखी एक तार प्रसिद्ध केली. तारीख १६ सप्टेंबर १९७६. किसिंजर तेव्हा आफ्रिकेच्या दौऱ्यावर, लुसाकामध्ये होते. उरुग्वेतल्या राजदूतानं द्यायच्या निरोपाला त्यांनी मंजुरी नाकारली आणि या विषयावर पुढे काही कारवाई करू नये अशी सूचना दिली, असं त्यात म्हटलं आहे. ही सूचना फक्त उरुग्वेपुरती होती की सगळ्याच देशांसाठी, यावर वाद घालता येतो, आणि घातलाही गेला. पण “काही संबंध नव्हता” हे वाक्य या कागदासमोर टिकत नाही.

मॅक्सवेल यांच्या हातात २००४ मध्ये हा कागद नव्हता. त्यांचं उत्तर छापलं असतं तरी प्रश्न सुटला नसता. तो फक्त उघडा राहिला असता. वाचकाला कळलं असतं की इथे अजून वाद आहे. त्याऐवजी अंकात वाद संपला, आणि तोही पुढे टिकू न शकलेल्या वाक्यावर. लेतेलिए आणि मॉफिट यांच्या मृत्यूबद्दलचा प्रश्न बंद करण्याचा हक्क पत्रांच्या एका पानानं असा सहज वापरला.

‘फॉरेन अफेअर्स’शी न्याय करायचा तर हेही सांगायला हवं, की परीक्षण त्यांनीच छापलं. पहिलं प्रत्युत्तरही छापलं. भित्र्या नियतकालिकानं हे पुस्तक परीक्षणाला घेतलंच नसतं. म्हणून तर हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. धाडस कुठपर्यंत चालतं आणि कुठे थांबतं, ती रेघ इथे स्पष्ट दिसते.

उपाय म्हणून तज्ज्ञ सल्लागार काढून टाका, असं मी म्हणणार नाही. केननशिवायचा १९४७ चा अंक कुणाच्या लक्षात राहिला असता? पण तीन साध्या गोष्टी करता येतात. परीक्षकाच्या उत्तराचा नियम आधीच लिहून ठेवावा आणि सगळ्यांना सारखा लावावा. विश्वस्त किंवा सल्लागार यांनी एखाद्या मजकुराबद्दल संपादकांशी बोलणं केलं, तर त्याची नोंद राहावी. आणि ज्यांच्या कारभारावर लेख आहे त्यांच्या नोकरीत किंवा धंद्यात पत्रलेखक असेल, तर ते पत्राच्या वर ठळक छापावं, तळाशी बारीक टायपात नको.

आणि तुमच्यासाठी एकच. पुढच्या वेळी परराष्ट्र धोरणावरचा एखादा वजनदार अंक हातात आला, तर लेखाआधी नावांचं पान वाचा. मग पत्रांची पानं. वाद जिथे संपलेला दिसेल तिथे बोट ठेवा आणि विचारा, शेवटचं पत्र कुणाचं आहे? माझ्या गाईडच्या प्रश्नाला प्रबंधात मी हेच उत्तर देणार आहे. फोन झाला की नाही, मला माहीत नाही. अंक मात्र माझ्या टेबलावर आहेत.