आवाज उरला, नाव गेलं

सेलू तालुक्यातलं घोराड हे बोर नदीकाठचं, केजाजी महाराजांचं गाव. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्याला प्रतिपंढरी म्हणतात. आषाढीला तिथल्या भोंग्यावर पंढरीची वाट चालणाऱ्या पावलांचं ते प्रसिद्ध गाणं हमखास लागतं. १४ एप्रिलला वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, कुठेही जा, जयंतीच्या मंडपात भीमगीतं वाजत असतात. त्यांतही तोच खडा, वरच्या पट्टीत सहज चढणारा आवाज असतो. प्रल्हाद शिंदे यांचा.

‘हे कोण गातंय?’ असं मी दोन्हीकडे विचारून पाहिलं आहे. देवळापाशी उत्तर मिळालं, ‘जुनं भक्तिगीत आहे.’ जयंतीच्या मंडपात म्हाताऱ्यांनी नाव लगेच सांगितलं. एक पोरगा म्हणाला, ‘आदर्श शिंदेचे आजोबा ना?’

प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. त्याच्या महिनाभर आधी, १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले होते आणि वर्ष सरता सरता, १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे गेला. एकाच वर्षात मराठी माणसानं एक कवी, एक गायक आणि एक नट गमावला. श्रद्धांजलीची भाषा तिघांसाठी एकच होती: ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’. या वाक्याचा मला राग आहे, कारण ते कोणालाही चालतं. नेमकं काय गेलं आणि काय उरलं, हे विचारण्याची गरजच ते ठेवत नाही. या तिघांचं उरणं तर तीन तऱ्हांचं आहे.

बेर्डेचा चेहरा उरला. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, ‘झपाटलेला’ १९९३ चा. टीव्हीवर ते इतक्या वेळा लागतात की लक्ष्या गेला हे ज्यांच्या जन्माआधी घडलं, त्या पोरांनाही तो घरचा वाटतो. पण हा चेहरा एकच आहे, गडबडलेला, डोळे विस्फारलेला. १९९२ साली जब्बार पटेलांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ केला. त्यात बेर्डेनं तमाशातला सोंगाड्या उभा केला. आधी सिनेमा, मग राजकारण अशा पायऱ्या चढत हा माणूस आतून रिकामा होत जातो. लोकांना आपल्याकडून फक्त हसू हवं आहे, हे कळलेल्या नटाचं ते काम आहे. प्रेक्षकांनी त्या वेळी त्याला फारसा थारा दिला नाही, आणि स्मृतिदिनाच्या चित्रफितींतही ते क्वचितच दिसतं. आपण लक्ष्यावर प्रेम केलं, पण त्याला लक्ष्यापलीकडे जाऊ दिलं नाही. मेल्यावरही नाही.

विठ्ठल उमपांचं दुर्दैव आणखी वेगळं. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, एका दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटन सोहळ्यात, मंचावरच त्यांनी प्राण सोडला. तेव्हापासून उमपांचं नाव निघालं की आधी त्यांचं मरण सांगितलं जातं. ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीच्या मनातला कर्ण ते एकट्याच्या अंगावर कसा पेलायचे, हे सांगायला मग वेळ उरत नाही.

वामनदादांनी मात्र तजवीज करून ठेवली होती. संतांच्या आणि शाहिरांच्या रीतीनं ते गाण्यात आपलं नाव गुंफत. कोणीही गायलं, कुठेही गायलं, तरी शेवटी ‘वामन’ हजर होतो. ही नाममुद्रा म्हणजे नुसती हौस नव्हे. ज्यांची नावं कोणी लिहून ठेवणार नव्हतं, त्यांनी विसरण्याविरुद्ध केलेला तो बंदोबस्त आहे.

गायकाला अशी मुद्रा नसते. प्रल्हाद शिंदेंचं नाव कॅसेटच्या वेष्टनावर होतं, फोटोसकट. कॅसेट गेली, पेनड्राइव्ह आला. त्यात गाण्याला क्रमांक उरला. ज्या साधनानं हा आवाज घरोघरी नेला, त्याच्यासोबत नावही गेलं. पण सगळा दोष यंत्रावर टाकणं सोयीचं आहे. जयंतीच्या मंडपातल्या म्हाताऱ्यांना नाव कसं आठवतं? त्यांच्याकडेही गाणी पेनड्राइव्हवरच आहेत. त्यांना नाव आठवतं, कारण त्यांच्यासाठी तो आपला माणूस आहे. देवळापाशी तो फक्त आवाज आहे.

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुलं केलं. आम्ही वर्धेकर हे अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण दार उघडणाऱ्याचं नाव आम्हाला पाठ आहे. दारातून आत आलेल्यांपैकी किती जणांची नावं सांगता येतील? शिंदे घराणं मंगळवेढ्याचं, म्हणजे चोखोबांचा शेवट झाला त्या गावचं. चोखोबांची समाधी पंढरीला महाद्वाराबाहेर आहे. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आज थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतो, ही मोठीच गोष्ट झाली. त्यांचं नाव मात्र अजून पायरीपाशी थांबलेलं आहे.

म्हणून कलावंताची आठवण काढणं ही मला हळव्या मनाची नव्हे, चोख कानाची गोष्ट वाटते. हार, फ्लेक्स आणि मोबाइलवरची मेणबत्ती यांना काही लागत नाही. नटाची दुर्लक्षित भूमिका पुन्हा पाहायला, आख्यान पूर्ण ऐकायला आणि गाणाऱ्याचं नाव घ्यायला लागतं ते लक्ष. येत्या आषाढीला घोराडच्या भोंग्यावर ते गाणं लागण्याआधी कोणी माइकवरून एवढंच म्हणावं: ‘गायक, प्रल्हाद शिंदे.’ तीन शब्द आहेत. त्याला अर्धं मिनिटही लागणार नाही.