स्वभाव, अंक आणि नियती : 'फॉलआउट'मधील पात्रघडणीचा विचार

कथेतील पात्र घटनांना जन्म देते की घटनाच पात्राला घडवितात, हा वाद साहित्यशास्त्रात फार जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलने कृतीला अग्रस्थान दिले व स्वभावाला दुय्यम मानले. नाट्यशास्त्राने धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशान्त असे नायकाचे चार प्रकार कल्पून स्वभावाची चौकट आधीच आखून ठेवली. ह्या दोन्ही विचारांत एक गोष्ट मात्र समान गृहीत धरलेली आहे. ती ही की, स्वभाव रचणारा लेखक एक आणि तो अनुभवणारा वाचक किंवा प्रेक्षक दुसरा. कॉम्प्युटरवरील भूमिकाप्रधान खेळाने हे गृहीतच मोडले. येथे कथेचा आरंभ होण्यापूर्वी नायकाचा स्वभाव रचण्याचे काम खेळाडूच्या हाती येते. आणि ज्या जगात तो स्वभाव वावरणार ते जग मात्र दुसऱ्याने रचलेले असते. ह्या दोन रचनांचा मेळ बसतो काय, आणि बसत असेल तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न ह्या कलाप्रकाराच्या मुळाशी आहे. अमेरिकेतील इंटरप्ले ह्या संस्थेने १९९७ च्या ऑक्टोबरात प्रकाशित केलेला 'फॉलआउट' हा खेळ ह्या प्रश्नाच्या विवेचनास विशेष उपयुक्त आहे.

टिम केन, लेनर्ड बॉयार्स्की, ख्रिस्टोफर टेलर प्रभृतींनी सिद्ध केलेल्या ह्या खेळाची पूर्वपीठिका लक्षात घेणे आवश्यक आहे. इंटरप्लेनेच १९८८ मध्ये 'वेस्टलँड' हा अणुयुद्धोत्तर जगावरील खेळ तयार केला होता. नव्या खेळासाठी आरंभी 'गर्प्स' ही स्टीव्ह जॅक्सन ह्यांची, मेजाभोवती बसून खेळावयाच्या खेळांची नियमपद्धती योजिली होती. परंतु प्रकाशनास काही महिनेच उरले असता तो करार मोडला, आणि रचनाकारांना स्वतःची पद्धती घाईने उभी करावी लागली. तीच 'स्पेशल' ह्या नावाने प्रसिद्धीस आली. बळ, अवलोकन, सहनशक्ती, आकर्षकता, बुद्धी, चपळता आणि नशीब ह्या सात मूलगुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव बनले आहे. प्रत्येक मूलगुण आरंभी ५ असतो व आणखी ५ गुण वाटण्यास मिळतात. म्हणजे एकूण भांडवल ४० चे. एकही मूलगुण १ च्या खाली किंवा १० च्या वर जाऊ शकत नाही. त्याखेरीज १८ कौशल्यांपैकी ३ विशेष म्हणून निवडावयाची असतात आणि जास्तीत जास्त २ स्वभावविशेष घेता येतात. प्रत्येक स्वभावविशेषात एक लाभ आणि एक उणीव जोडलेली असते.

ही सर्व रचना वरवर पाहता केवळ हिशेबाची आहे. वाणसामानाची यादी करावी तसे खेळाडूने नायकाचे गुण मांडावयाचे, आणि मग कथेच्या बाजारात ते खर्च करावयाचे. असे असेल तर तिला स्वभावचित्रण म्हणता येणार नाही. ह्या आक्षेपाला 'फॉलआउट'मध्ये जे उत्तर मिळते त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बुद्धी ह्या मूलगुणाचे आहे. प्रत्येक पायरी चढताना कौशल्यांसाठी जे गुण मिळतात ते बुद्धीच्या दुपटीत ५ मिळवून येतात. म्हणजे बुद्धी १० असल्यास २५, आणि ३ असल्यास ११. इथवर हिशेबच आहे. परंतु बुद्धी ४ च्या खाली गेली की नायकाची भाषाच नाहीशी होते. संवादासाठी जी वाक्ये पडद्यावर येत ती जातात, आणि त्यांच्या जागी तुटके उद्गार व हुंकार उरतात. समोरची माणसे कंटाळतात, कीव करतात, अथवा हाकलून देतात. पुष्कळशी कामे त्याला कोणी सांगतच नाही. जग तेच असते. ते त्याच्याशी बोलेनासे होते, एवढेच. अंकाने येथे शिक्षा केलेली नाही, दृष्टिकोन बदलला आहे. कादंबरीत निवेदक बदलल्याने जे घडते ते येथे एका आकड्याने घडते.

दुसरे उदाहरण घटनेच्या पातळीवरचे आहे. कथानकाचा मूळ धागा साधा आहे. २०७७ मधील अणुयुद्धानंतर कॅलिफोर्नियातील 'व्हॉल्ट १३' ह्या भूमिगत आश्रयस्थानात काही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले आहेत. २१६१ मध्ये तेथील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी होतो, आणि १५० दिवसांत तो शोधून आणण्यासाठी नायकाला बाहेर धाडले जाते. वाटेत शेडी सँड्स नावाची शेतकऱ्यांची वस्ती लागते. तिच्या प्रमुखाची, आरादेशची, कन्या टँडी हिला 'खान' नावाचे दरोडेखोर पळवून नेतात. तिची सुटका शस्त्राने करता येते, खंडणी भरून करता येते, टोळीनायक गार्लशी निःशस्त्र द्वंद्व करून करता येते, वक्तृत्वाने करता येते, अथवा चोरपावलांनी जाऊन कुलूप उघडूनही करता येते. टँडी घरी परतते ही घटना प्रत्येक वेळी तीच. पण तिचा अर्थ तोच राहत नाही. एका घडणीच्या नायकामागे दरोडेखोरांची प्रेते पडलेली असतात, तर दुसऱ्याच्या मागे ती टोळी, खंडणीने अधिक धनवान होऊन, जिवंत उरते. म्हणजे पात्रघडण घटनेचा शेवट ठरवीत नाही, तिची नैतिक किंमत ठरविते. कथनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. नायकाच्या कौशल्यामुळे एखादे वाक्य उपलब्ध झाले आहे, हे 'फॉलआउट' खेळाडूस सांगत नाही. वाक्य इतर वाक्यांसारखेच समोर येते. ते निवडावे की नाही हे त्यातील आशय पाहूनच ठरवावे लागते. ह्याच परंपरेतील 'फॉलआउट : न्यू वेगास' ह्या २०१० च्या खेळात वाक्याच्या शेजारी कौशल्याचे नाव व आवश्यक अंक छापलेला असतो. ही सोय खरी. परंतु तिच्यामुळे वाक्याचे रूपांतर किल्लीत होते. किल्ली कुलपात बसते की नाही एवढेच पाहिले जाते, तिच्यावर काय कोरले आहे हे कोणी वाचीत नाही. जुन्या खेळाच्या मौनात अंक स्वभावात विरघळण्यास वाव होता.

परंतु 'फॉलआउट'ची स्तुती करताना तिच्या पद्धतीतील दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सात मूलगुण समान मोलाचे आहेत असे पात्रपत्रिका सुचविते. प्रत्यक्षात तसे नाही. लढाईत एका खेपेस किती कृती करता येतील हे चपळतेवर अवलंबून असते. तिच्या निम्म्यात ५ मिळविले की तो आकडा येतो. त्यामुळे चपळता जवळजवळ प्रत्येक घडणीस लागते. उलट आकर्षकता हा गुण बहुतांशी निष्फळ आहे. सोबत्यांची संख्या तिच्यावर अवलंबून नाही (तसा नियम १९९८ च्या दुसऱ्या भागात आला), आणि वक्तृत्व हे विशेष कौशल्य म्हणून निवडले की तिची उणीव सहज भरून निघते. 'गिफ्टेड' ह्या स्वभावविशेषाने सातही मूलगुण एकेकाने वाढतात. ४० चे भांडवल त्यामुळे ४७ होते, आणि त्याबदली कौशल्यांत जी तूट येते ती पुढे सोसवते. त्यामुळे चाणाक्ष खेळाडू तो बहुधा घेतोच. जी निवड सर्वांनीच करावी ती निवड स्वभावनिदर्शक उरत नाही. कथेने ज्याला स्वभाव म्हटले त्याला हिशेबाने येथे युक्तीच्या पातळीवर आणले आहे. १८ कौशल्यांपैकी जुगार, सापळे आणि फेकण्याचे कौशल्य ह्यांना कथानकात फारच थोडे स्थान आहे, हेही ह्याच दोषाचे दुसरे अंग होय. पत्रिकेने दिलेले वचन जगाने पाळलेले नाही.

हा दोष मान्य करूनही खेळाचा उत्तरार्ध पाहिला की त्याच्या रचनेचे खरे सामर्थ्य प्रत्ययास येते. पाण्याचे संकट निवारल्यावर नायकाला दुसऱ्या, मोठ्या संकटाचा सामना करावा लागतो. 'मास्टर' नावाचा एक विकृत पण बुद्धिमान जीव मानवांना विषाणूच्या द्रावात बुडवून अतिबलाढ्य उत्परिवर्तितांत रूपांतरित करीत आहे. भेद नाहीसे झाले की युद्धही नाहीसे होईल, अशी त्याची श्रद्धा आहे. त्याला लढून मारता येते. त्याच्या कॅथीड्रलखालील अणुबॉम्ब पेटवून त्याचा नाश करता येतो. आणि त्याच्याशी वाद घालूनही त्याला जिंकता येते. हा तिसरा मार्ग केवळ वक्तृत्वाच्या अंकावर सुटत नाही, हे लक्षणीय आहे. 'ब्रदरहुड ऑफ स्टील' ह्या पंथातील व्री नावाच्या अभ्यासिकेने उत्परिवर्तितांची चिकित्सा करून ते वंध्य असल्याचे नोंदविलेले असते. तो पुरावा हाती असेल तरच वाद निर्णायक होतो. आपल्या नव्या मानवजातीला पुढची पिढीच नाही हे कळताच मास्टर खचतो, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा व आपल्या कार्याचा अंत करतो. बुद्धी, वाणी आणि श्रमाने मिळविलेले ज्ञान ह्यांचा येथे संगम होतो. खलनायकाचा पराभव त्याच्याच ध्येयातील विसंगतीने व्हावा, आणि ती विसंगती त्याला दाखविण्याची पात्रता नायकाने कथेच्या ओघात कमवावी, ह्यापेक्षा पात्र आणि कथानक ह्यांचे अधिक घट्ट नाते कल्पिणे कठीण आहे.

ह्यानंतर येतो तो शेवट. विजयी नायक व्हॉल्ट १३ च्या दारी परततो, आणि तेथील अधिपती त्याचे आभार मानून त्याला आत घेण्याचे नाकारतो. त्याला पाहून तरुण मंडळी बाहेर जाऊ इच्छितील आणि आश्रयस्थान ओस पडेल, ही त्याची भीती. नायक एकटा वाळवंटाकडे चालू लागतो. हा शेवट कोणत्याही घडणीने टळत नाही. बलवान, वाक्पटू, चोर, मंद, साऱ्यांच्या वाट्याला तोच वनवास येतो. खेळाडूच्या स्वातंत्र्यावर हा अन्याय आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु थोडा विचार केल्यास ह्या अटळतेचे कारण घडणीच्या प्रक्रियेतच असल्याचे दिसते. खेळाडूने ज्या पायऱ्या अभिमानाने चढल्या, जी कौशल्ये वाढविली, जे अनुभव गोळा केले, त्या सर्वांची बेरीज म्हणजेच अधिपतीला भेडसावणारा तो परका माणूस. पहिल्या पत्रिकेवरचा नायक आत राहू शकला असता. अखेरच्या पत्रिकेवरचा राहू शकत नाही. अंकांची वाढ म्हणून जे दिसत होते ते घरापासून दूर जाणे होते, हे शेवटच्या क्षणी उमगते. घडण कोणतीही असो, वाढ मात्र साऱ्यांचीच झालेली असते. म्हणून हद्दपारीही साऱ्यांचीच.

ह्या शेवटाला एक अपवादवजा पुरवणी आहे. आरंभी 'ब्लडी मेस' हा स्वभावविशेष निवडलेला असेल, तर परत फिरण्यापूर्वी नायक अधिपतीला गोळी घालतो. हा स्वभावविशेष सहसा गंमत म्हणून घेतला जातो, कारण त्याने शत्रूंचे मृत्यू अधिक भीषण दिसण्यापलीकडे काही होत नाही असे वाटते. ज्याने सारा खेळ दयाबुद्धीने खेळला त्याच्या हातूनही शेवटी ही हत्या घडते. ह्यात प्रेरणेची तयारी नाही, हा दोष स्पष्ट आहे. तथापि आरंभी हसत केलेली निवड शेवटी नियती होऊन उभी राहते, ह्या योजनेत शोकात्मिकेचे एक जुने सत्यही आहे. ते कलेच्या पूर्ण पातळीवर पोहोचलेले नाही, एवढेच.

तात्पर्य, 'फॉलआउट'ची पात्रघडण जेथे केवळ सोयीचा हिशेब उरते तेथे ती कथेला काही देत नाही. जेथे अंक दृष्टिकोन बदलतो, कृतीची किंमत ठरवितो, अथवा नायकाला त्याच्या घरापासून तोडतो, तेथे तो स्वभावाच्या पदवीस पोहोचतो. स्वभाव खेळाडूने रचावा आणि नियती रचनाकाराने, ही वाटणी ह्या खेळाने केली. परंतु ती नियती खेळाडूच्याच श्रमांतून उभी राहिलेली आहे असे त्याला अखेरीस वाटावे, ह्यात त्याचे यश आहे. ह्या कलाप्रकाराचे मूल्यमापन मार्गांची संख्या मोजून होणार नाही. मार्ग संपल्यावर चालणारा कोण उरला, हे तो खेळ सांगू शकतो काय, हीच त्याची खरी कसोटी मानावी लागेल.