विस्तार आणि पाल्हाळ

ग्रंथाची लांबी आणि ग्रंथाची योग्यता ह्यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. ज्या देशांत लक्ष श्लोकांचें महाभारत पिढ्यान् पिढ्या ऐकलें गेलें, तेथील रसिकाला नुसत्या मोठेपणाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. तथापि ‘विस्तार’ आणि ‘पाल्हाळ’ असे दोन निरनिराळे शब्द आपल्या भाषेनें राखून ठेविले आहेत, हेंही उगाच नव्हे. त्या दोहोंमधील सीमा कोठें पडते, हें पाहण्यासाठीं आज आम्ही जी कृति घेत आहों, तिचें नांव वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया वर चढतील. १० नोव्हेंबर २०२० रोजीं प्रसिद्ध झालेला ‘असॅसिन्स क्रीड व्हॅल्हॅला’ हा व्हिडिओ गेम ती कृति होय.

व्हिडिओ गेमचें कसलें परीक्षण, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या कृतीची मुख्य कथा संपविण्यासच साठ तासांच्या आसपास लागतात, व तींतील यच्चयावत् गोष्टी करूं म्हटल्यास दीडशें तासांच्या घरांत जावें लागतें, ती कृति आज पुष्कळ सुशिक्षित घरांतील संध्याकाळ व्यापून बसली आहे. तेवढ्या वेळांत टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ निदान एकदां निवांत वाचून पुन्हां बरीचशी वाचतां येईल. एवढा वेळ मागणाऱ्या कृतीस ‘पोरखेळ’ म्हणून वाटेस लावणें पालकांस सोयीचें असेल, टीकाकारास नाहीं. शिवाय ह्या खेळाविषयीं जी तक्रार वारंवार आमच्या कानांवर आली, ती पालकांची नसून खेळणारांचीच आहे, आणि ती मोठी चमत्कारिक आहे. पहिले वीस तास रात्रीचा दिवस करून खेळलों. चाळिसाव्या तासाच्या सुमारास हातांतील कंट्रोलर जड वाटूं लागला. मग एके दिवशीं खेळ बंद केला तो पुन्हां उघडला नाहीं. कारण विचारावें तर सांगतां येत नाहीं, आणि खेळ वाईट आहे असेंही म्हणवत नाहीं! गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत व पुढें पावसाळाभर आम्हीं ही कथा शेवटपर्यंत खेळून पाहिली, ती ह्या शिणाचें मूळ कोठें आहे हें शोधण्याच्या हेतूनें.

कथा नवव्या शतकांतील आहे. नॉर्वेंत बालपणींच एका हल्ल्यांत आईबाप गमावलेली एव्होर ही राजा स्टिर्ब्यॉर्न ह्याच्या घरीं, त्याचा पुत्र सिगर्ड ह्याची मानलेली बहीण म्हणून वाढते. (एव्होर स्त्री असावी कीं पुरुष, हें खेळणारानें ठरवावयाचें असतें, आम्हीं स्त्री घेतली.) हॅराल्ड राजा सगळी नॉर्वे एका छत्राखालीं आणतो, स्टिर्ब्यॉर्न त्याच्यापुढें मान तुकवितो, आणि तें न साहून सिगर्ड व एव्होर आपल्या मंडळींसह जहाजें हाकारून इंग्लंडच्या किनाऱ्यास लागतात. तेथें रेव्हन्सथॉर्प नांवाची वसाहत वसवून, एकेका प्रांताशीं मैत्री जोडीत, त्यांना पाय रोवावयाचे आहेत. सिगर्डची पत्नी रँडव्ही हिच्या मेजावर इंग्लंडचा नकाशा पसरलेला असतो. त्यावर प्रांत निवडावा, तेथें जाऊन तेथील तंटा सोडवावा, परत येऊन रँडव्हीस वर्तमान सांगावें, व पुढचा प्रांत निवडावा. खेळाचा सांगाडा एवढाच.

ह्या सांगाड्यावर चढविलेलें मांस कित्येक ठिकाणीं उत्कृष्ट आहे, हें प्रथम मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. रोमन लोक निघून गेल्यावर त्यांच्या पडक्या वाड्यांना टेकून उभीं राहिलेलीं सॅक्सन खोपटीं, नदीच्या वळणावरचे मठ, धुक्यांतून एकाएकीं पुढें येणारा जुना पूल, हें सर्व पाहून, अँग्लो-सॅक्सन काळ परीक्षेपुरता वाचलेल्या आमच्यासारख्याला आपण इतकीं वर्षें नुसत्या राजांच्या नांवांची यादीच पाठ करीत होतों कीं काय, असें वाटूं लागतें. पात्रांपैकीं ईस्ट अँग्लियांतील ऑस्वल्ड पाहा. तलवारीपेक्षां सलोख्यावर भिस्त ठेवणारा हा काहींसा बुजरा सॅक्सन डेन कुळांतील व्हॅल्डिसशीं लग्न करावयास निघतो, आणि लग्नाच्याच दिवशीं शत्रू दारांत येऊन उभा राहतो तेव्हां स्वतः पुढें होतो. त्या प्रसंगीं आपण त्याच्या बाजूनें जीव मुठींत धरून बसलेले असतों.

त्याहूनही सरस असा चेओलबर्टचा वृत्तान्त आहे. लेस्टरच्या प्रांतांत रॅग्नारचे पुत्र ईव्हार व उब्बा हे चेओलवुल्फला मर्शियाच्या गादीवर बसवितात. चेओलबर्ट हा त्याचा कोंवळा मुलगा. ईव्हारच्या पाठीमागून हिंडणारा, त्याच्याकडून लढाई शिकण्यास उत्सुक असलेला. पुढें पुष्कळ तासांनीं श्रॉपशायरांत, वेल्सच्या ऱ्होड्री राजाशीं तह जुळत आलेला असतांना, हाच मुलगा मारला जातो. आणि तह मोडून युद्ध पेटावें म्हणून हें कृत्य खुद्द ईव्हारनेंच केलें, असें उघडकीस येतें. आपण ह्या मुलाला पूर्वीं पाहिलेलें असतें, त्याचें बोलणें ऐकलेलें असतें. म्हणूनच हा घाव इतका खोल जातो. लांबीचा खरा उपयोग हा असा असतो. मध्यें गेलेला काळ वाचकाच्या मनांत सांचून राहावा, आणि पुढें एका क्षणीं त्या सगळ्या सांठ्याचें मोल एकदम पदरांत पडावें, ही गोष्ट छोट्या कथेस साधत नाहीं.

परंतु ही जोडणी अपवादात्मक आहे, आणि ती अपवादात्मक कां, हें पाहूं गेल्यास शिणाचें पहिलें कारण हातीं लागतें. ह्या जातीच्या खेळांस ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. म्हणजे जग सर्व बाजूंनीं खुलें, खेळणारानें वाटेल तेथें जावें. त्यामुळें बरेचसे प्रांत मागेंपुढें कसेही घेतां येतात. ही मोकळीक वरवर पाहतां उदार आहे. पण लेखकावर तिचें बंधन मोठें कठोर पडतें. जो प्रांत कोणी तिसरा घेईल तोच दुसरा कोणी नववा घेईल. तेव्हां त्या प्रांतांत शिरतांना नायिकेचें मन काय स्थितींत आहे, हें लेखकानें गृहीत तरी कसें धरावें? मग तो एकच उपाय करतो: नायिकेला बदलूंच देत नाहीं. एव्होर प्रत्येक प्रांतांत तीच धीरगंभीर, तीच थोडी विनोदी, तीच न्यायी पाहुणी म्हणून येते. फितूर शोधते, तट फोडते, मेजवानीस बसते, निघून जाते. केंब्रिजकडील प्रांतांत सोमा हिच्या तिघां विश्वासू साथीदारांतून फितूर हुडकतांना आपण कुतूहलानें पुरावे गोळा करतों. पुढें तसलेच पेंच दुसऱ्या नांवांनीं समोर येतात, तेव्हां कुतूहलाच्या जागीं नुसता सराव राहतो. लांकडी ओंडक्यानें किल्ल्याचें दार फोडण्याचा प्रसंग पहिल्या वेळीं अंगावर कांटा आणतो. सहाव्या वेळीं आम्ही तो चहाचा पेला शेजारीं ठेवून उरकला.

‘बेवुल्फ’ हें जुनें इंग्रजी काव्य ३१८२ ओळींचें आहे. त्यांत नायक तारुण्यांत ग्रेंडेल राक्षसाशीं व मग त्याच्या आईशीं लढतो, आणि म्हातारपणीं अग्निसर्पाशीं लढून मरतो. मधल्या पन्नास वर्षांच्या राज्यकारभाराची कवि मोजक्या ओळींत बोळवण करतो. त्या पन्नास वर्षांत बेवुल्फनेंही पुष्कळ प्रांतांचे तंटे मिटविले असतील. कवीनें ते आपणांस खेळावयास लाविले नाहींत, एवढाच काय तो फरक.

दुसरें कारण ह्याहून नाजूक आहे. कथेच्या मध्यावर सिगर्ड शत्रूच्या हातीं सांपडतो व त्याचे हाल होत असतात. एव्होर व्याकुळ होऊन बोलते, एक क्षणही दवडतां कामा नये म्हणते. आणि ह्याच क्षणीं खुलें जग आपले दोन्ही हात पसरून उभें राहतें: नदीकांठीं मासे धरा, दगडांवर दगड रचा, दारू पिण्याची पैज लावा, फांसे टाका, शीघ्र पद्यांत प्रतिपक्षास टोमणे मारण्याचा सामना खेळा. महिनाभर हें केलें तरी सिगर्डचें कांहीं अधिक वाईट होत नाहीं. तो आपली वाट पाहत तसाच राहतो. हें एकदां ध्यानांत आलें कीं एव्होरच्या व्याकुळतेवरचा आपला विश्वास उडतो, आणि तो उडाला कीं तिच्यासाठीं जागरण करण्याचें कारण उरत नाहीं.

येथें कोणी महाभारताचीं उपाख्यानें पुढें करील. तेंही पाहूं. वनपर्वांत नलाची कथा येते. मूळ कथेशीं तिचा धागा कांहीं नाहीं. पण ती बृहदश्व मुनि कोणास सांगतात? द्यूतांत राज्य घालवून अरण्यांत बसलेल्या युधिष्ठिरास. नलही द्यूतांतच सर्वस्व हरला होता. ऐकणारा कोण व तो कोणत्या दुःखांत आहे, हें जाणून आडकथा सांगितली कीं तीच मुख्य कथेचें काम करते. ‘व्हॅल्हॅला’मध्यें रस्त्यांत भेटणाऱ्या लहान लहान गोष्टी आहेत, व त्यांतल्या कांहीं मौजेच्याही आहेत. डोक्यांत कुऱ्हाड रुतून बसलेली असतांही हिंडणारा बोलणारा एक योद्धा आम्ही विसरणार नाहीं. परंतु भाऊ गमावलेल्या एव्होरनें ती कुऱ्हाड पाहिली काय आणि भाऊ सांपडल्यावर पाहिली काय, दोन्ही सारखेंच.

ह्या सर्वांची किंमत शेवटीं मोजावी लागते. हँपशायरांतील अखेरच्या युद्धांत पूर्वीं जोडलेले निरनिराळ्या प्रांतांतील मित्र एव्होरच्या मदतीस धांवून येतात, आणि त्यांतले कित्येक रणांत पडतात. कर्त्यांची कल्पना थोर आहे; केवळ ह्या प्रसंगासाठीं हा प्रपंच मांडला होता असें म्हटलें तरी चालेल. पण ह्या क्षणापर्यंत येण्यास आम्हांस दोन महिने लागले होते, आणि पडलेल्यांपैकीं एकाचा चेहरा पाहून हा कोणत्या प्रांतांतला, हें आठवेना. ज्या वेळीं डोळ्यांत पाणी यावयाचें त्या वेळीं माणूस आठवणींच्या कपाटांत नांव शोधीत बसतो. शिवाय शेवट एका ठिकाणीं नाहीं. सिगर्डचा शेवट नॉर्वेंत होतो, युद्धाचा हँपशायरांत, गुप्त मंडळाच्या कारस्थानाचा तिसरीकडे. मग २०२१ सालीं आयर्लंड व पॅरिस, २०२२ च्या मार्चांत देवलोकींचें एक पर्व, आणि खरा निरोप म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आणखी एक प्रकरण. पाहुणा उंबऱ्यावर उभा राहून तास तास बोलत राहावा, तसा हा प्रकार.

नकाशावरील ठिपक्यांविषयीं फार लिहीत नाहीं. सोनेरी ठिपके म्हणजे संपत्ति, निळे म्हणजे चमत्कार, पांढरे म्हणजे जुन्या वस्तु. ते एकेक करून विझवीत जावयाचे. भटकंतीचें सुख हें पुढें काय आहे तें ठाऊक नसण्यांत असतें. येथें तें आधींच टिंबांनीं मांडून ठेविल्यामुळें भटकणाराचा कारकून होतो व नकाशाची रोजकीर्द. निंटेंडो कंपनीच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) ह्या खेळांत ९०० बियाणीं लपविलेलीं आहेत, पण तीं नकाशावर आधीं दाखविलेलीं नाहींत. आणि हट्टानें नऊशेंही गोळा करणारास बक्षीस मिळतें तें सोनेरी शेणाच्या पोवासारखें! त्या कर्त्यांनीं हंसत हंसत सांगून टाकिलें कीं, बाबा, सगळें उचलण्यासाठीं हें ठेविलेंच नव्हतें.

तरी आमचीं मुलें सगळें उचलूं जातात, ह्यास आपलें वळणही थोडें कारण आहे. पानांत वाढलेलें टाकूं नये, हें आपण त्यांना बोलूं लागण्याच्या वयापासून शिकविलें. वाढणाराचा हात आंवरता असेल तोंपर्यंत हा नियम शोभतो. वाढणारा जर आग्रहाचाच पगार घेत असेल, तर जेवणारानें पानावर हात आडवा धरण्यास शिकलें पाहिजे. तें आपण शिकविलें नाहीं.

आणि आग्रहाचा पगार हा शब्द आम्ही अलंकारासाठीं योजिलेला नाहीं. खेळाची किंमत अमेरिकेंत ६० डॉलर होती. एवढे पैसे टाकणारा गिऱ्हाईक तास मोजून घेतो, व विकणाराही तास मोजून देतो. इंग्लंडांत ही अवस्था कादंबरीची एकदां झालेली आहे. १८४२ सालीं मूडी नांवाच्या गृहस्थानें वर्गणी घेऊन पुस्तकें वाचावयास देणारें ग्रंथालय काढिलें. एका कादंबरीचे तीन भाग असले म्हणजे एकाच वेळीं तीन वर्गणीदारांचें समाधान होई, म्हणून कादंबरी तीन भागांची, किंमत साडेएकतीस शिलिंग, हा शिरस्ता दृढ झाला. आणि दीड भागाचा जीव असलेल्या कित्येक कथा तीन भागांपर्यंत ताणल्या गेल्या. १८९४ मध्यें मूडी व स्मिथ ह्या दोन ग्रंथालयांनींच हात आंखडला, व थोडक्याच वर्षांत इंग्रजी कादंबरी आटोपशीर झाली. यूबीसॉफ्ट कंपनीनेंही (हिनें २००८ सालीं आमच्या पुण्यांतही शाखा काढिली) २०२३ च्या ऑक्टोबरांत बगदादची पार्श्वभूमि घेऊन ‘मिराज’ हा सुमारें पंधरा तासांचा खेळ काढिला. तो आरंभीं ‘व्हॅल्हॅला’चेंच एक परिशिष्ट व्हावयाचा होता. त्यावरून हवा पालटली असें आम्हांस वाटलें होतें. पण २०२५ च्या मार्चांत आलेला जपानविषयक ‘शॅडोज’ पुन्हां अवाढव्य निघाला. ग्रंथालयांचा हात आंखडण्यास बावन्न वर्षें लागलीं होतीं, हें येथें ध्यानांत घ्यावें.

तोंपर्यंत ज्यांना हा खेळ खेळावयाचा असेल, त्यांनीं तो आपल्या आजोबांनीं ‘करमणूक’ पत्रांतून हरिभाऊ आपट्यांची कादंबरी वाचली त्या रीतीनें खेळावा: आठवड्यास एक प्रांत, आणि मग मेज आवरून ठेवावें. ठिपक्यांकडे डोळेझांक करावी. लेस्टरनंतर श्रॉपशायरास फार उशीर लावूं नये, नाहींतर चेओलबर्ट मनांतून पुसला जाईल. तेथें शेवटीं पराभूत ईव्हार वीरांच्या स्वर्गांत प्रवेश मिळावा म्हणून मरतांना हातांत शस्त्र मागतो. आम्हीं तें दिलें नाहीं; घरांतील तरुण मंडळींस ही निष्ठुरता वाटली, व त्यावर जेवणाच्या वेळीं दोन दिवस वाद चालला होता.