हर्श यांचा निर्देशांक : एक परीक्षण

सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज हर्श यांनी अतिसंवाहकतेच्या उपपत्तीवर कित्येक वर्षे लेखन केले. परंतु संघनित द्रव्याशी ज्यांचा सुतराम संबंध नाही अशांच्याही तोंडी त्यांचे नाव झाले, ते २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधामुळे. ज्याच्या क्ष निबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान क्ष वेळा उल्लेख केला आहे, अशी सर्वांत मोठी क्ष ही संख्या म्हणजे त्या संशोधकाचा निर्देशांक, एवढीच त्यातील कल्पना. तिचे आकर्षण उघड आहे. नुसती निबंधसंख्या मोजली तर भाराभर लिहिणाऱ्याचे फावते. नुसते उल्लेख मोजले तर एखाद्या भाग्यवान निबंधावर जन्म निघतो. हर्श यांनी दोहोंची सांगड पाल्हाळ न लावता घातली, हे त्यांच्या श्रेयाकडे जमा केले पाहिजे.

पण या सांगडीत काय गळते तेही पाहावे. एकाचे पाच निबंध, प्रत्येकाचे उल्लेख पाच : निर्देशांक ५. दुसऱ्याचेही निबंध पाचच. त्यांपैकी एकाचे उल्लेख पाच हजार आणि उरलेल्या चारांचे प्रत्येकी चार : निर्देशांक ४. एका आकड्याने माणसाच्या बहुविध कार्याची केवळ स्थूल कल्पना येते, असे हर्श यांनी त्याच निबंधात बजावले आहे. तथापि अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत कायम नेमणुकीस सुमारे १२ आणि पूर्ण प्राध्यापकपदास सुमारे १८, असे अंदाजही त्यांनी तेथेच दिले. वाचकांनी इशारा सोडला आणि आकडे उचलले. याचा दोष सर्वस्वी वाचकांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या जवळचेच एक उदाहरण घेऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, मजुमदार, गुप्ता, धर, विजयराघवन प्रभृतींनी, पवईच्या तंत्रशास्त्र संस्थेचे पडालिया व फ्रान्समधील गोदार यांच्या सहकार्याने, यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांत सुमारे १२ केल्विन तापमानास अतिसंवाहकता आढळल्याचे १९९३ साली प्रसिद्ध केले. कार्बनाचा अंश त्यात निर्णायक आहे हे त्यांच्या १९९४ च्या निबंधात आले. मुंबईचा नमुना मिश्र होता. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेतील काव्हा आणि सहकाऱ्यांनी अतिसंवाहक घटक नेमका कोणता ते वेगळे काढून दाखविले, त्याची स्फटिकरचना निश्चित झाली, आणि निकेलाच्या जागी पॅलेडियम घेतल्यावर २३ केल्विनचा पल्ला गाठला गेला. एकाने वाट दाखविली, दुसऱ्याने ती बांधून काढली. नंतरचे लेखक पुष्कळदा या दोन्ही कार्यांचा एकाच वाक्यात उल्लेख करतात. निर्देशांकास त्या वाक्याचा अर्थ कळत नाही. तो केवळ उल्लेख मोजतो. खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात भरच घालतो. रंगा डायस यांचे सामान्य तापमानाच्या अतिसंवाहकतेचे २०२० व २०२३ मधील दोन गाजलेले निबंध 'नेचर'ने अनुक्रमे २०२२ व २०२३ साली मागे घेतले. त्यांतील पहिल्याच्या आधारसामग्रीवर आक्षेप घेणाऱ्यांत हर्श स्वतः पुढे होते.

श्रेयविभागणीचा प्रश्न याहून अवघड आहे. मुंबईच्या १९९४ च्या निबंधावर नऊ नावे आहेत. हर्श यांच्या गणिताने प्रत्येकास पूर्ण उल्लेख मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी निराळी युक्ती योजली : दोहोंहून अधिक लेखक असतील तर प्रमुखास ७० टक्के, इतरांस प्रत्येकी ३०. नऊ लेखकांची बेरीज ३१० टक्के होते. एका निबंधाचे तीनांहून अधिक निबंध करणारे हे गणित तपासणाऱ्या लेखापालाचे आम्हांस कुतूहल आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांना हे गणित दुरून पाहण्याची सोय नाही. त्यांची बढती त्यावर अडते. द्रव नत्राचे तापमान ७७ केल्विन. १९८७ साली सापडलेला, सुमारे ९२ केल्विनला अतिसंवाहक होणारा यिट्रियम-बेरियम-ताम्र ऑक्साइड कल्याणच्या प्रयोगशाळेतही नत्राच्या थर्मासमध्ये बुडवून तपासता येईल. बोरोकार्बाइडाचे १२ केल्विन मात्र नत्राच्या आवाक्याबाहेर आहेत, तेथे ४.२ केल्विनचा द्रव हेलियम किंवा तत्सम शीतयंत्र लागते. तेव्हा नमुना भट्टीत भाजावा कल्याणला, क्ष-किरणांनी तपासावा जमेल तेथे, आणि मोजण्यासाठी डबीत घालून सकाळच्या लोकलने कुलाब्यास किंवा पवईस न्यावा. मापनाची पाळी मिळेपर्यंत सत्र संपते, परीक्षा लागतात, पर्यवेक्षण येते. एवढ्या विलंबाने निघालेल्या निबंधाची तुलना ज्याच्या खोलीशेजारीच हेलियम आहे त्याच्या निबंधाशी करताना निर्देशांक ही दोन्ही कार्ये एकाच पट्टीने मोजतो.

हर्श यांनी २०२० साली लिहिले की आपला निर्देशांक सपशेल फसू शकतो आणि त्याचे अनपेक्षित दुष्परिणामही होऊ शकतात. हा कबुलीजबाब त्यांच्या २००५ च्या निबंधाबरोबर आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. निवड-समित्यांच्या अर्जांत मात्र निर्देशांकासाठी रकाना असतो. उमेदवाराने नमुना स्वतः तयार केला की मापन स्वतः घेतले, हे लिहिण्यासाठी रकाना आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.