पदार्थावाचूनची जाहिरात

जाहिरातीला कला म्हणावे की नुसता व्यापारी दस्तूर, हा वाद तूर्त तहकूब ठेवून अमेरिकेतील फास्ट फूडच्या जाहिरातींकडे एक लोककला म्हणून पाहिले, तर तिचा उत्कर्षबिंदू मी निःसंकोचपणे १९८४ च्या जानेवारीत ठेवीन. वेंडीज कंपनीच्या त्या जाहिरातीत तीन वृद्धा प्रतिस्पर्धी दुकानातील भल्याथोरल्या पावाचे कौतुक करीत उभ्या असतात, वरचा पाव उचलताच आत मांसाची इवलीशी चकती दिसते, आणि पूर्वी लोकांची नखे निगुतीने सजवून उपजीविका करणारी, ऐंशी उलटलेली क्लारा पेलर घोगऱ्या आवाजात रोकडा सवाल करते, “मांस कुठे आहे?” त्यात ना सुखी कुटुंब, ना मंजुळ संगीत, मोजलेल्या पैशाचा हिशेब मागणारे गिऱ्हाईक तेवढे आहे. म्हणूनच मार्चमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झडलेल्या वादसभेत वॉल्टर माँडेल यांनी गॅरी हार्ट यांच्या नव्या कल्पनांविषयी तोच सवाल केला, तेव्हा त्याचा अर्थ कोणालाच समजावून सांगावा लागला नाही. पुढे एका सॉसच्या जाहिरातीत बाईंनी ते हरवलेले मांस सापडल्याचे जाहीर केले आणि वेंडीजने त्यांना तडकाफडकी निरोप दिला. विनोदावर नाव कमावणाऱ्या पेढीने विनोदाला इतके भ्यावे, हे मला मूळ जाहिरातीहूनही अधिक हास्यास्पद वाटते.

परंतु जिंकली ती ही परंपरा नव्हे. १९७१ मध्येच मॅकडोनाल्ड्सने, दमल्याभागल्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे असे गात, बर्गरऐवजी भावना विकावयास प्रारंभ केला होता. आणि भावनाही शिळी झाल्यावर जाहिरात स्वतःविषयीच बोलू लागली. १९८२ मध्ये डॅनिश दिग्दर्शक यॉर्गन लेथ यांनी अँडी वॉरहॉल मुकाट्याने बर्गर खात असल्याचे दृश्य चित्रित केले होते. २०१९ च्या सुपर बोलमध्ये बर्गर किंगने तेच दृश्य जाहिरात म्हणून दाखविले, आणि बाजारातील डबे-बाटल्या कलादालनात नेऊन बसविणारा कलावंत मरणोत्तर बाजारात रुजू झाला. दुसऱ्याच वर्षी, परिरक्षके वगळल्याची ग्वाही म्हणून, त्याच कंपनीने बुरशीने माखत जाणारा आपला बर्गर दाखविला. कल्पना विलक्षण खरी. परंतु भुकेल्या माणसापेक्षा जाहिरातकलेच्या परीक्षकांनाच ती अधिक रुचावी अशी. २०२१ च्या महिलादिनी, स्त्रियांची जागा स्वयंपाकघरातच असल्याचे या कंपनीच्या ब्रिटिश शाखेने ट्विट केले, आणि स्त्री-आचाऱ्यांसाठी शिष्यवृत्तीचा खुलासा मागाहून जोडला. अखेर मजकूर काढून क्षमा मागावी लागली. असल्या वादांत क्षोभ हाच कच्चा माल असतो, यास्तव त्यांना मी फारसे मोल देत नाही.

खरा वाद मुलांचा. १९६३ पासून रोनाल्ड मॅकडोनाल्ड हा विदूषक आणि १९७९ पासून खेळण्यासह मिळणारे हॅपी मील यांनी जे साधले त्यात पदार्थ आरंभापासूनच गौण होता, आणि जाहिरात कोणती व खाऊ कोणता हा विवेक करण्याचे वय समोरच्या गिऱ्हाइकाचे नव्हते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० मध्ये तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवरच बंदीचा अंमल बसविला. सॅन फ्रान्सिस्कोने अधिक बारीक वाट धरली: पोषणाच्या अटी न पाळणाऱ्या जेवणासोबत खेळणे फुकट देण्यास २०११ च्या डिसेंबरपासून मनाई केली. मॅकडोनाल्ड्सने हुकूम अक्षरशः पाळला. खेळण्याची किंमत दहा सेंट ठरविण्यात आली, आणि ते पैसे त्याच विदूषकाच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय कामासाठी जमा होऊ लागले.