शस्त्र अधिनियमातील सूट आणि तिची मर्यादा

१९५९ च्या शस्त्र अधिनियमावर नेहमी असा आक्षेप घेण्यात येतो की, तो पोलिसाच्या हाती शस्त्र देतो आणि नागरिकास अर्ज करावयास लावतो. हा आक्षेप वरवरचा आहे. कलम ३ अन्वये अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. कलम ४५ लोकसेवकास त्यातून सूट देते, परंतु ती कर्तव्य बजावीत असतानापुरतीच. पोलिसास खाजगी पिस्तूल हवे असल्यास त्यालाही परवाना घ्यावा लागतो. म्हणजे सूट व्यक्तीस नसून कार्यास आहे. १८७८ च्या कायद्याखाली युरोपीयांना मिळणारी सवलत वंशावर आधारलेली होती. तिच्या तुलनेत हे तत्त्व निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधील सयुक्तिक वर्गीकरणाच्या कसोटीसही ते उतरते.

वैगुण्य आहे ते अन्यत्र. जेथे पोलीस आयुक्त नेमलेला असेल तेथे ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्त, अशी व्याख्या कलम २ मध्ये केलेली आहे. तिचा परिणाम ठाणे जिल्ह्यात स्पष्ट दिसतो. मुरबाड वा शहापूर येथील शेतकऱ्याच्या अर्जावर पोलीस अहवाल देतात व निर्णय जिल्हाधिकारी करतात. ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील रहिवाशाच्या बाबतीत मात्र कलम १३ खालील पोलीस ठाण्याचा अहवाल, परवान्याचा निर्णय, कलम १७ खालील निलंबन आणि कलम ३ च्या भंगाबद्दल खटला भरण्यास कलम ३९ खाली लागणारी पूर्वमंजुरी, ही सर्व कामे एकाच दलाकडे येतात. ज्यास स्वतः परवाना लागत नाही, तोच इतरांच्या गरजेचा परीक्षक होतो.

याच आयुक्तालयाच्या हद्दीतील दोन घटना या संदर्भात उद्बोधक आहेत. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या शस्त्रातून महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. अशा प्रसंगी परवाना कोणत्या गरजेसाठी दिला, शिफारस कोणी केली, तो रद्द का करू नये, हे सारे प्रश्न अधिनियमाच्या आधारेच विचारता येतात.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा वळणरस्त्यानजीक पोलिसांच्या वाहनात बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलीस निरीक्षकाच्या गोळीने मरण पावला. आरोपीने शस्त्र हिसकावून गोळीबार केल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने ते ग्राह्य मानले नाही. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. येथे शस्त्र अधिनियम जवळजवळ मूक आहे. शस्त्र कर्तव्यासाठीच बाळगले होते काय, एवढाच त्याचा प्रश्न. आणि तो विचारण्यासाठी त्याने दलाबाहेरचे स्थान निर्माण केलेले नाही. प्रकरण न्यायालयात गेले ते मृताच्या पित्याच्या अर्जामुळे.

गोळी झाडणे समर्थनीय होते की नाही, हा दंडविधीचा विषय आहे, हे खरे. शासकीय शस्त्रांची नोंद व खात्याची शिस्त अस्तित्वात आहे, हेही खरे. परंतु खात्याची शिस्त खात्यासच उत्तरदायी असते. सुटीचे समर्थन ‘कर्तव्य’ या एका शब्दावर उभे असेल, तर त्या शब्दाची व्याप्ती ठरविण्याचे काम सूट मिळालेल्यांकडेच सोपविणे तर्कास धरून नाही.

म्हणून कलम ४५ रद्द करावयाची आवश्यकता नाही. कलम २ मधील व्याख्या बदलावयास हवी. आयुक्तालयाच्या क्षेत्रातही परवाना व पूर्वमंजुरी हे अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावेत, आणि शासकीय शस्त्रवाटपाच्या नोंदी दलाबाहेरील अधिकाऱ्यास तपासता याव्यात. जी कसोटी मुरबाडच्या शेतकऱ्यास आज उपलब्ध आहे, ती डोंबिवलीच्या रहिवाशास नाकारण्याचे सयुक्तिक कारण अधिनियमात आढळत नाही.