लाडबोरीची रिंग आणि 'वामन'ची पेटी

जमिनीत पुरलेली एक पेटी सापडते. ती अज्ञात पण अतिप्रगत संस्कृतीची असते. भौतिकशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि संगणकतज्ज्ञ असे तिघे मिळून तिच्यातला मजकूर उलगडतात आणि त्यातून बुद्धिमान यंत्रमानव उभा राहतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचा हा गाभा. विश्वरचना, संगणक, परग्रहांवरील जीवसृष्टी अशा कशालाच ज्यांच्या कुतूहलाने कुंपण घातले नाही, त्या नारळीकरांचे 2025 साली निधन झाले. त्यांची ही कादंबरी आम्ही पुन्हा वाचली ती चंद्रपूर जिल्ह्यातील एका घटनेमुळे.

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकताना विदर्भात अनेकांनी पाहिली. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली, पवनपार परिसरात एक गोळा मिळाला. उल्का, उपग्रह, विमान असे तर्क सुरू झाले. उडत्या तबकडीची आठवणही कुणाला झाली असेल तर नवल नाही.

उलगडा मात्र बंद प्रयोगशाळेत झाला नाही. अवकाशातील वस्तूंच्या कक्षांचे आकडे इंटरनेटवर खुले असतात. जोनाथन मॅकडॉवेल हे खगोलशास्त्रज्ञ 1989 पासून उड्डाणांची नोंद ठेवून ती सर्वांना वाचायला देत आले आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी 'चांग झेंग 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता आणि त्याचा मार्ग जुळत होता, हे त्यांनी लगेच सांगितले.

हे शाळेतही पडताळता येते. उल्का सेकंदाला किमान 11 किमी वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांत विझते. कक्षेतून घसरणारा टप्पा सुमारे 7.8 किमी वेगाने, जवळजवळ आडवा येतो, म्हणून त्याचे तुकडे रांगेने बराच वेळ दिसतात. सिंदेवाही ते गडचिरोलीतील सिरोंचा हे हवाई अंतर सुमारे 160 किमी. भागाकार विद्यार्थ्यांना करू द्यावा. उत्तर वीस-एकवीस सेकंद येईल. सापडला तसा गोळा म्हणजे रॉकेटमधील उच्च दाबाच्या वायूची टाकी. अशा टाक्या बहुधा टायटॅनियमच्या किंवा कार्बन-धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे त्या पूर्ण जळत नाहीत.

कादंबरी आम्हाला इथेच तोकडी वाटते. आयत्या मिळालेल्या ज्ञानाचा धोका ती फार आधी आणि नेमका दाखवते. यंत्रे स्वतः मजकूर लिहू लागलेल्या आजच्या काळात तर तो भाग वर्गात आवर्जून वाचावा. पण पेटीचा उलगडा तिघा तज्ज्ञांच्या हाती राहतो. वाचकाला उत्तर कळते, ते तपासण्याची संधी मिळत नाही. (वडधमचे जीवाश्म पाहिलेली सिरोंच्याची मुले तर पहिल्याच पानावर विचारतील, की पेटी कोणत्या थरात होती?)

स्वतः नारळीकरांनी प्रत्यक्षात निराळी वाट धरली होती. त्यांच्या गटाने 2005 साली हैदराबादहून फुगा सोडून 20 ते 41 किमी उंचीवरील हवेचे नमुने आणवले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. एकीला फ्रेड हॉईल यांचे नाव दिले गेले. 2009 मध्ये हे जाहीर करताना, जिवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत हे यातून सिद्ध होत नाही, असेही सांगितले गेले. त्या प्रयोगाचे वर्णन आम्हाला कादंबरीहून अधिक रंगतदार वाटले.